बर्फाची पावती

खजिनदार अवधानीबाई यांना, स. न. वि. वि.
मंडळाने पाठवलेली तापवायची थाळी पोचली.
खोक्यातला भुसासुद्धा टाकला नाही.
फक्त एक अडचण आहे,
धारवाडात बसून ती कळेल की नाही, ठाऊक नाही:
इथे तापवावं लागत नाही.

माझा पदार्थ एक्केचाळीस अंशांवर निवळतो.
त्याखाली वाहतो, पण रीतीने,
सगळे रेणू एकाच बाजूला तोंड करून,
तंगलेल्या ताण्यासारखे, फक्त सुटे.
एक्केचाळीसच्या वर
कुठे बघायचं होतं हेच विसरतात.
आणि सोलापुरात, मे महिन्यात,
कॉलेजच्या गच्चीवरल्या पत्र्याच्या खोलीत
एक वाजताच पारा त्रेचाळीस.
मी नुसती खुर्चीत बसते
आणि प्रयोग होऊन जातो.

म्हणून बर्फ.
इरण्णाच्या रसवंतीतून रोज दोन किलो,
गोणपाटात, स्कूटीवर पायांशी.
अशोक चौक ओलांडेपर्यंत दीड उरतो.
पावती कसली मागता, म्हणाला,
आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलं:
बर्फ, तीस किलो, विज्ञानासाठी.
ती जोडली आहे. नामंजूर झाली तरी
पत्रिका परत पाठवावी, लग्न अजून व्हायचंय.

उत्तर आलं आठव्या दिवशी, निळ्या शाईत.
"नियमांत बर्फ नाही.
वापरून संपणाऱ्या वस्तू, असं एक कलम आहे.
बर्फाइतकं ते दुसऱ्या कशालाच लागू होत नाही.
मंजूर.
थंड पाण्याचं जुनं यंत्र एका सदस्याकडे पडून आहे.
भाडं मंडळ भरेल. उतरवून घ्यायला माणसं तुमची."

मंडळ म्हणजे तसं फार काही नाही.
सव्वादोनशे माणसं, वर्गणी भरणारी, काही विसरणारी.
त्यातल्या कुणीतरी, नाव न कळवता,
माझ्या अकरा पानांवर चौदा पानं शेरे लिहिले,
रेघ न् रेघ खरवडली,
आणि तळाशी: पुन्हा पाठवा. वाट बघतो.
मी ते पान पर्समध्ये घेऊन फिरले,
भाजी आणताना, रेशनच्या रांगेत,
वाट बघतो.
हैदराबादच्या एकीने दोन ग्रॅम पदार्थ पाठवला,
चिमुकल्या बाटलीत, कापसात गुंडाळून.
पैसे नको म्हणाली. शेंगाचटणी मागितली.

नानांना एका रविवारी वर घेऊन गेले.
एकतीस वर्षं पॉवरलूमवर,
ऐकायला येतं ते डाव्या कानाने.
"इतकं काय बघलालीस रोज?"
चष्मा काढा, म्हटलं, डोळा इथे लावा.
अंधारात रंगीत सुतं, वळलेली, लोंबणारी,
कुठे चार काळे पट्टे एका ठिपक्यात येऊन मिळालेले.
"दारम," म्हणाले. घरातला शब्द.
कुणा परदेशी माणसालाही हेच वाटलं होतं, मी सांगितलं,
सूत म्हणूनच नाव दिलं त्याने, त्याच्या भाषेत.
त्यांनी ऐकलं नाही, किंवा ते उजव्या कानाला गेलं.

"इथं तुटलंय."
हो, नाना. तोच दोष. त्याचेच फोटो काढते.
"चुकीचे?"
चुकीचेच. ती कुठून उठते, कुठे जाऊन विरते,
दोन चुका एकमेकींना कशा गिळतात.
त्यासाठी मंडळाने पैसे दिलेत.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
खाली कुणीतरी बादली ओढत होतं.
चादरीत एक धागा चुकला की
शनिवारी पगारातून कापून घ्यायचे;
किती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही,
मीही आज विचारलं नाही.

पारा चाळीस पूर्णांक आठ.
यंत्र घुरघुरलं, थांबलं. लाइट गेली.
आम्ही खिडकीचा उजेड आरशावर घेतला
आणि आळीपाळीने बघत राहिलो:
कडेकडून सुतं काळी होत गेली,
एक, मग त्याच्या शेजारचं,
मग नुसता अंधार, स्वच्छ.

"बर्फ आणू का गं?" नाना म्हणाले,
आणि चप्पल शोधू लागले.